‘वाड्यातल्या खोली’ची आठवण काढणाऱ्या तात्यांना

माहेरवाशीण

परवा इथं टिळकवाडी_तात्यांनी लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मनोरुग्णालयांवर सरकार कोट्यवधी उधळतंय, तिथून बरा होऊन आलेला एक माणूस दाखवा, डॉक्टरांच्या जागा रिकाम्याच असतात मग खाटा वाढवून काय करायचं. आणि शेवटी हे: "आमच्या लहानपणी वाड्यात मागं एक खोली असायची. घरातलं माणूस घरातच सांभाळलं जायचं. त्याला बजेट लागत नव्हतं."

दोन दिवस गप्प बसले. आज भाकऱ्या थापताना परत तेच डोक्यात आलं, म्हणून लिहूनच टाकते.

तात्या, त्या खोलीला कडी आतून होती की बाहेरून? आमच्या आजोळीपण होती तसली खोली. आईची आत्या असायची तिच्यात. ताट दाराखालून सरकवायचे. आम्हा पोरांना तिकडं फिरकायची बंदी. ती वारली तेव्हा तिचं नाव काय होतं हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, सगळे तिला ‘मागची’ म्हणायचे. बजेट लागत नव्हतं हे मात्र अगदी खरं.

माझ्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. आता चौतिसाचा आहे. दोनदा भरती केलं. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, आम्हाला अजून तिथल्या लोकांची गरज लागते. भरती करून घेताना पहिला प्रश्न, सोबत कोण राहणार? नातेवाईक नसेल तर खाट नाही. ह्याला कागदावर चांगलं कारण आहे, घरच्यांना आजार कळतो, औषधांची शिस्त कळते. ते खोटं नाही. पण दुसरं कारण रात्री नऊनंतर कळतं. चाळीसेक माणसांच्या वॉर्डाला एक सिस्टर आणि एक अटेंडर. गोळी दिली की जीभ उचलून बघायची, गिळली का गालात ठेवली, हे काम आईचं. अंघोळ, दाढी, चादर, सगळं आईचं. शेजारच्या खाटेवरचा पोरगा रात्री उठून दाराकडं पळायचा, त्याचे वडील म्हातारे, म्हणून त्याला धरायलापण आमचीच आई. सव्वीस दिवस. ऐन सुगी होती, आमचं भात त्या वर्षी भावकीनं कापलं आणि त्यावरून आजपर्यंत ऐकवतात.

तुम्ही रिकाम्या जागा म्हणता ना, तिथं आमची आई बसलेली असते. मस्टरवर तिचं नाव नाही एवढंच.

आणि बरा झालेला माणूस दाखवा म्हणालात. भाऊ आता क्लोझापिनवर आहे. दोन औषधं लागू पडली नाहीत की हे देतात. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी उतरत नाहीत ना बघायला, पुढं महिन्याला एकदा. रात्रभर लाळ गळते, सकाळी उशीचा अभ्रा पिळून वाळत घालावा लागतो. पण तो गोठा बघतो, दूध डेअरीला घालतो, आज फॅट किती लागली ते आईला येऊन सांगतो. एकदा आई रक्ताच्या रिपोर्टचा कागद घरी विसरली आणि गोळ्यांशिवाय परत आली. चूक डॉक्टरांची नव्हती, कागद बघितल्याशिवाय हे औषध द्यायचंच नसतं. पण रक्त तिथंच तपासलं असतं तर कागद विसरायचा प्रश्नच नव्हता. यंत्र आहे, चालवणारा माणूस नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरतो.

भेटायचं असेल तर या, सकाळी सहाला डेअरीवर.

टिळकवाडी_तात्या

ताई, तुमच्या आईंना नमस्कार. मनापासून. पण माझ्या मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाही.

मी उधळपट्टी कशाला म्हणतो ते बघा. २०२३-२४ च्या केंद्रीय बजेटात मानसिक आरोग्याच्या नावावर सुमारे ९१९ कोटी होते. त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला, म्हणजे बेंगळुरूच्या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेला. बेंगळुरू आपल्या बेळगावहून ५०० किलोमीटर. आपल्या वाट्याला आली टेलिमानस, म्हणजे १४४१६ हा मानसिक मदतीचा फोन नंबर. त्याला १३४ कोटी. म्हणजे वॉर्डात सिस्टर नाही, पण फोनवर ताई आहे. वाढवा बजेट आणि द्या अजून एक नंबर!

दुसरं, मंजूर जागा रिकाम्या राहतात त्या पैशाअभावी नाही. माणूस येत नाही. शहरात स्वतःचा दवाखाना टाकून जो चांगलं मिळवतो तो सरकारी क्वार्टरमध्ये कशाला राहील? ह्याला खाटा वाढवून उपाय नाही.

राहता राहिली कडी. होती, बाहेरून होती. पण माझे चुलते त्या खोलीत सत्तरीपर्यंत जगले. दोन वेळचं गरम जेवण, सणाला नवं धोतर. आजची ‘हक्क’ असलेली माणसं सीबीटी बसस्टँडच्या बाहेर चिखलात झोपलेली बघतो मी रोज. कुठलं बरं ते तुम्हीच सांगा.

घोकंपट्टी_एमडी

तात्या, आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. आरोग्य हा राज्याचा विषय. वॉर्डातल्या सिस्टरचा पगार केंद्राच्या त्या ९१९ कोटींतून येत नाही, राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यामुळं निम्हान्सला कमी दिले म्हणून आपल्याकडची एक जागा भरणार नाही. आणि ज्या निम्हान्सवर तुमचा राग आहे त्यांनीच १९८५ ते ९० मध्ये बल्लारी जिल्ह्यात करून दाखवलं की प्राथमिक केंद्राचा साधा डॉक्टर शिकवला तर बरेचसे पेशंट तालुक्यातच सांभाळता येतात. त्यावरूनच १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकात तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतो तो मनोचैतन्य कार्यक्रम, तोही त्याच वाटेवरचा.

आता माणसांचं गणित. देशात लाखामागं मानसोपचारतज्ज्ञ ०.७५, असायला हवेत ३. बेळगावी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ४७.८ लाख. म्हणजे १४३ पाहिजेत. देशाच्या सरासरीनं धरले तर ३६. आणि सरासरीला अथणी-रायबागसारखे तालुके माहीत नसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की सरकारनं दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रमाण गाठायचा प्रयत्न करायचा. कायदा लागू झाला २०१८ ला. घ्या हिशेब करून.

सीमावासी५६

‘बेळगावी जिल्हा’! बेळगाव म्हणायला जीभ झडते काय तुमची? १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, मुद्दाम बेळगाव महाराष्ट्राला मिळालं नाही म्हणून आपण पाळतो त्या काळ्या दिनाची तारीख धरून, आणि आमचीच शिकलेली पोरं तेच घोकतात. नाव बरोबर घेतलंय स्वतःला, घोकंपट्टी!

सगळे बजेट बजेट करायलाय. बजेट दुप्पट झालं तरी केसपेपर कन्नडमध्येच येणार ना? पोट दुखलं तर माणूस पोटावर हात ठेवून दाखवतो. डोक्यातलं दुखणं भाषेशिवाय कसं दाखवणार? माझ्या मावशीला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचा, मराठीचा गंध नाही. कन्नडमध्ये विचारलं, कानात आवाज येतात का? मावशीला कन्नडातला एकच शब्द येतो. हौदु, म्हणजे हो. जीव द्यावासा वाटतो का? हौदु. कुणी मागावर आहे असं वाटतं का? हौदु. जेवलात का? हौदु. मी गाडी लावून वर येईपर्यंत तिला इंजेक्शन दिलेलं. चार दिवस उठली नाही. शेवटी निघालं काय, तर थायरॉईडची गोळी तिनं सहा महिन्यांपूर्वी मनानं बंद केलेली!

ह्याला स्टाफ वाढवून काय होणार? अजून दहा कन्नड डॉक्टर येतील, मावशी अजून दहा वेळा हौदु म्हणेल. खरा उपाय एकच आहे, महाराष्ट्रात जायचं, आणि तो खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

निपाणीकर

झालं. आलं गाडं सीमेवर. आता हिथं कोण मनोरुग्णालयाचं बोलत न्हाई बघा.

सीमावासी अण्णा, मावशीचं वाईट झालं, खरं उद्या महाराष्ट्रात गेलो म्हणून धरा, मग दाखवायला न्यायचं कुठं? कोल्हापुरात तरी सरकारी मनोरुग्णालय हाय काय? महाराष्ट्राची जुनी चार. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आमाला जवळचं रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट उतरून जायचं, वांत्या करत. खाटा ३६५. धारवाड बेळगावास्नं दीड-दोन तास, आन् ते १८४५ पासनंचं हाय, ५६ च्या आधी मुंबई राज्यातलंच की. तवा आपलेच आजोबा-पणजोबा तिथं जायाचे. आमच्याकडं अजून कोण वाकडं बोललं तर ‘धारवाडला न्या ह्याला’ म्हणत्यात, रत्नागिरीला न्या म्हणत न्हाईत.

आन् एक बोलत न्हाई कोण. शक्ती योजना, कर्नाटकात बायकास्नी बस फुकट. माझी बहीण भाच्याला घेऊन धारवाडला जाती. कर्नाटकाच्या लाल बसला तिचं तिकीट शून्य. पोराचं तेवढं काढायचं. कोल्हापूरला न्यायचं तर दोघांचं तिकीट, जाऊन येऊन. महिन्याला एक खेप धरा. भाषा मोठी का तिकीट, हे तिला विचारा, मला न्हवं.

सीमावासी५६

फुकट तिकिटावर भाषा विकली म्हणा की सरळ. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांची... जाऊ दे, तुम्हाला सांगून उपयोग नाही. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तर इथल्या सरकारच्या पोटात दुखलं. आमचा औषधाचा पैसा दुसऱ्यानं दिला तर ह्यांचं काय जातं? स्वतः द्यायचं नाही, देणाऱ्याला देऊ द्यायचं नाही. आणि सुवर्णसौध, बेळगावातलं ते विधानभवन? वर्षाला दोन आठवडे उघडणारी इमारत, बाकी वर्षभर पारवे. तिथं टाका तुमच्या खाटा. अधिवेशनात गोंधळ घालणाऱ्यांची पण सोय होईल.

जतकर

शेवटच्या वाक्याला हसलो, कबूल.

पण अण्णा, जरा उलटं बघा. माझं घर महाराष्ट्रातल्या जत तालुक्यात. घरात कन्नड, शाळा मराठी. आमच्याकडं गावंच्या गावं कन्नड बोलणारी. आमची आजी सांगलीच्या बाजूला एका दवाखान्यात बसली होती. डॉक्टर मराठी, अगदी सज्जन. त्यांनी विचारलं, झोप लागते का? तिनं मान हलवली. आमच्यात मान कशी हलवतात हे त्यांना काय माहीत. झोपेची गोळी मिळाली नाही. तुमची मावशी हौदु म्हणाली, आमच्या आजीनं मान हलवली. तुमचा खटला तुम्ही जिंकलात तर जतच्या आजीचं काय, आणि उद्या बेळगावजवळचं खानापूर महाराष्ट्रात गेलं तर तिथल्या कन्नड म्हातारीचं काय? सीमा इकडची तिकडं सरकवली की हौदु म्हणणारा माणूस बदलतो, बस्स.

सीमावासी५६

हे ‘दोन्हीकडं सारखंच’ वालं फार सोपं असतं. ज्याच्या दुकानाची पाटी फोडली गेली नाही त्याला सुचतं असलं. तुमच्या जतला मराठी पाटी लावली म्हणून कुणी दगड मारलाय?

निपाणीकर

आता पाट्या. पुढं ऊस. मग ऊसदर. चालू द्या.

रात्रपाळी

मी परिचारिका. निवृत्त. एका सरकारी मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली, कुठल्या ते विचारू नका, ह्या राज्यातलं की त्या तेही सांगणार नाही, नाहीतर सीमावासी भाऊ माझ्या पेन्शनवरपण मोर्चा काढतील.

तुम्ही सगळे डॉक्टर मोजताय. डॉक्टर सकाळी राउंडला येतो, वीस मिनिटं. बाकीचे तेवीस तास चाळीस मिनिटं कोण असतं? रात्री अडीचला एखादा उठतो, त्याला वाटतं वॉर्डाला आग लागलीय, पाणी आणा पाणी आणा म्हणून ओरडतो. माझ्याबरोबर दोघं असली तर मी त्याच्याशेजारी बसते, एक जण बाकीच्यांना झोपवतो, एक पाणी आणतो. खरंच तांब्या भरून आणतो. तो ते पाणी भिंतीवर ओततो आणि अर्ध्या तासात झोपतो. हे मी केलंय, अनेकदा. पण मी एकटी असले तर? त्याच्याशेजारी बसले तर बाकीचे एकोणचाळीस वाऱ्यावर. मग इंजेक्शन, नाहीतर हात बांधायचे. तेच माणूस, तोच आजार. बाहेरून बघणारा म्हणतो, सरकारी दवाखान्यात बांधून ठेवतात. बांधतो तो दोर नसतो हो, ड्युटीचा तक्ता असतो.

विजेच्या शॉकच्या उपचाराचं सांगते. २०१७ च्या कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी झाली. फार चांगलं झालं, आधीचं बघितलंय मी. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो. भूलतज्ज्ञ बाळंतपणाच्या सिझरला जातो, आमच्याकडं यायला नाही मिळालं की सकाळपासून उपाशी ठेवलेले सात पेशंट दुपारी जेवायला बसवायचे. त्यातल्या एकीनं आठ दिवस अन्नाला हात लावला नव्हता म्हणून तर शॉक ठरलेला.

आणि भाषेचं. सीमावासी भाऊ, तुमची मावशी खरी आहे, माझा विश्वास आहे. पण दुभाषा कोण असतो माहितीय? अटेंडर. गावातलाच, दोन्ही भाषा येणारा, कंत्राटी. डॉक्टर विचारतो, तो मराठीत सांगतो, उत्तर परत नेतो. तुमच्या मावशीच्या वेळी तो तिथं नसणार. दुसऱ्या वॉर्डात धराधरी करत असणार. तेव्हा स्टाफ वाढवून काय होणार म्हणालात, तर हे झालं असतं.

घोकंपट्टी_एमडी

सिस्टर, हे आम्हाला पुस्तकात कुणी शिकवत नाही. कायद्याच्या २२ व्या कलमात रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळायचा हक्क आहे खरा. आता तो हक्क कंत्राटी अटेंडरच्या खांद्यावर आहे हे कळलं. (आणि बेळगाव. बेळगाव. बेळगाव. झालं समाधान?)

सीमावासी५६

एकदा म्हणाला असतात तरी चाललं असतं.

सिस्टरबाई, तुमचं ऐकलं. अटेंडर वाढवा, माझी हरकत नाही. फक्त ते भरतीच्या जाहिरातीत ‘मराठी येणे आवश्यक’ लिहा म्हणतो. एवढं लिहायला बजेट लागत नाही, तात्यांच्या भाषेत.

टिळकवाडी_तात्या

माझी भाषा मला परत द्या.

सिस्टर, तुमचं पाण्याच्या तांब्याचं दोनदा वाचलं. चुलते असेच रात्री उठायचे. त्यांना वाटायचं मागच्या दारानं रझाकार आले. माझी आजी उठून दाराला कान लावायची आणि म्हणायची, गेले बघ, पुढच्या गल्लीत वळले. मग ते झोपायचे. आजी गेल्यावर ते कुणी केलं नाही. कडी त्यानंतर लागली, हे काल मोठ्या बहिणीला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. मी समजत होतो कडी पहिल्यापासून होती.

तेव्हा कडीबद्दल मी माघार घेतो. खोलीबद्दल नाही. आणि निम्हान्सच्या ७२१ कोटींबद्दल तर मुळीच नाही.

निपाणीकर

म्हंजे तुमची आजी होती तात्या ती रात्रपाळी. बिनपगारी.

टिळकवाडी_तात्या

कळलं. सगळं उकलून सांगायची गरज नसते.

जतकर

मला एक सांगा, ते मंगळवारचं तज्ज्ञ येतात ते खरंच येतात का? आमच्या एका नातेवाइकाचं सासर पलीकडं, कर्नाटकात आहे, म्हणून विचारतोय.

माहेरवाशीण

आमच्या तालुक्यात येतात. एक मंगळवार चुकतो कधीतरी, मीटिंग असते. डॉक्टरीण चांगली आहे, मराठी मोडकं बोलते पण भावाशी त्याच्या म्हशीबद्दल आधी बोलते, मग औषधाबद्दल. गर्दी मात्र विचारू नका. दहाला बसलं तर दोनला नंबर, आणि रिस्पेरिडोनसारखी गोळी संपली असली की बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी. जतकर, तुमच्या नातेवाइकाला म्हणावं पाण्याची बाटली आणि डबा घेऊन जा, आणि आधारची झेरॉक्स.

मी हे भांडण सुरू केलं खरं, पण सकाळपासून पाट्या, खटला, रझाकार आणि सुवर्णसौध वाचून माझ्या आईचे सव्वीस दिवस कुठं गेले तेच सापडेना. असो. उद्या मंगळवारच आहे, ह्या वेळी भावाला घेऊन आई एकटीच जाणार, मला रजा नाही.

रात्रपाळी

रक्ताचा रिपोर्ट आजच पिशवीत घालून ठेवायला सांगा त्यांना. पिशवी दाराच्या खुंटीला लावा.

माहेरवाशीण

लावलीय. भावानंच लावली.